सीपी (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलीला घरी रोज अडीच तास व्यायाम: संशोधन नक्की काय सांगतं?

मोगरा

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे. सातव्या महिन्यात झाली, वजन १३०० ग्रॅम, त्यामुळे महिनाभर काचेत होती. दीड वर्षाची झाली तरी धरून उभी राहीना म्हणून दाखवलं, तेव्हा सीपी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम, आणि त्यातला स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे मुख्यतः पाय कडक असण्याचा प्रकार, असं सांगितलं. हात चांगले चालतात, बोलायला तर घरात सगळ्यांच्या वर आहे. पाय मात्र कडक. उभं केलं की टाचा टेकत नाहीत, पायांची कैची होते. वॉकर धरून घरातल्या घरात चालते. रिपोर्टवर जीएमएफसीएस लेव्हल ३ लिहिलंय, म्हणजे हालचालींच्या पाच पातळ्यांपैकी (१ सगळ्यात सौम्य) तिसरी.

आम्ही इचलकरंजीत राहतो. फिजिओकडे आठवड्यातून दोनदा नेते. बाकी घरी करायचं: सकाळी दीड तास, संध्याकाळी एक तास. आधी तेल लावून मालिश, मग पाय ताणायचे, मग पट्टे बांधून उभं करायचं. ह्यांची यंत्रमागावर पाळी असते, म्हणजे करणारी मी एकटीच. आता असं झालंय की मी तेलाची वाटी हातात घेतली की ती आज्जीच्या मागे सरकते आणि म्हणते, "आई नको, आज्जी ये." ताणताना रडते, मी दात आवळून मोजत राहते. संपल्यावर जवळ घ्यायला गेले तर येत नाही.

कुठलाही दिवस चुकला की मनाला लागतं, कारण "पाच वर्षांपर्यंत जे काय व्हायचं ते, नंतर काही नाही" असं सगळेच सांगतात. नात्यातल्या एकांनी मोठ्या शहरातल्या ऑक्सिजन चेंबरचं सुचवलंय. खर्च झेपण्यासारखा नाही, पण फायदा होणार असेल तर दागिने आहेत.

मला एवढंच विचारायचंय की घरी आईवडिलांनी किती करावं, काय करावं, यावर खरंच कुणी अभ्यास केलाय का? आणि वेळ कमी केला तर तिचे पाय कायमचे जातील का?

---

गोदातीर

ताई, नाशिकहून लिहितोय. माझा मुलगा सहा वर्षांचा, त्यालाही सीपीच. व्यायामाचं जाणकार सांगतील, मी कागदपत्रांचं सांगतो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलं नसेल तर आधी काढा. सीपीला केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची 'निरामय' आरोग्य विमा योजना लागू आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांमधले असे आजार लवकर ओळखून उपचार करणारं) केंद्र असतं, तिथे जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी मोफत आहे.

आणि अंगणवाडीत नाव घातलंय का? दिव्यांग मुलांना अंगणवाडीत सामावून घेण्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये वेगळी नियमावली काढली आहे. नाही म्हणाले तर तिचा उल्लेख करा. आमचा पोरगा अंगणवाडीत इतर पोरांचं बघून जे शिकला ते मी बाप म्हणून शिकवू शकलो नसतो.

---

कृष्णाकाठ

मोगराताई, माझा मुलगा आता नववीत आहे. डायप्लेजियाच, लेव्हल ३. आम्ही कराडचे. मी ज्युनिअर कॉलेजला संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे शोधनिबंध वाचायची सवय आहे, आणि लेकाच्या निमित्ताने या विषयावरचे जे हाताला लागले ते सगळे वाचत आले आहे. तुमचं वाचून राहवलं नाही, थोडं सविस्तर लिहिते.

आईवडिलांनी घरी करायच्या कार्यक्रमावर अभ्यास झालेला आहे, आणि चांगला झालेला आहे. ऑस्ट्रेलियात आयोना नोव्हाक म्हणून संशोधक आहेत. त्यांचा २००९ सालचा निबंध आहे. सीपी असलेली ३६ मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकून गट केले: काहींना आठ आठवडे घरचा कार्यक्रम, काहींना चार आठवडे, काहींना काहीच नाही. आठ आठवड्यांच्या गटातल्या मुलांची रोजच्या कामांमधली प्रगती स्पष्ट दिसली. आता त्या पालकांनी किती केलं ते बघा. महिन्याला सरासरी साडेसतरा वेळा, आणि दर वेळी सरासरी साडेसोळा मिनिटं. म्हणजे एक दिवसाआड, पाऊण तासही नाही, पाव तास.

ती मुलं तुमच्या लेकीपेक्षा मोठी होती आणि कामं बरीचशी हातांची होती, हे लक्षात ठेवायला हवं. तरी मुद्दा असा की तिथे पालकांना "हे दहा प्रकार वीस-वीस वेळा करा" असं सांगितलेलं नव्हतं. मूल आणि घरचे मिळून एखादं काम निवडायचे, जे त्या मुलाला स्वतःला करावंसं वाटतं, आणि तेच काम खऱ्या जागी, खऱ्या वस्तूंनिशी करून बघायचे. थेरपिस्ट मधूनमधून बघून पुढची पायरी सांगायचा.

याच नोव्हाकबाईंनी २०१३ मध्ये सीपीवरच्या ६४ उपचारांचे पुरावे तपासून त्यांना सिग्नलसारखे हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले. ध्येय ठरवून केलेला सराव हिरव्यात आहे, घरचा कार्यक्रमही हिरव्यात आहे. नुसतं हाताने पाय ताणण्याचा टिकून राहणारा फायदा मात्र अभ्यासांत दिसलेला नाही. ज्या गोष्टीसाठी तुम्ही दोघी रोज रडताय, तिचाच पुरावा सगळ्यात कच्चा आहे. हे वाचलं की मला फार वाईट वाटतं, कारण अशा घरांची संख्या कमी नाही.

ध्येय म्हणजे काय ते आमच्या घरचं सांगते. लेक चार वर्षांचा असताना त्याला देवघरातली घंटा स्वतः वाजवायची होती. आजोबा आरती करायचे आणि हा खाली बसून हात वर करायचा. आम्ही भिंतीला हाताशी एक आडवी लाकडी दांडी ठोकून घेतली आणि घंटा तिच्या जवळच, खाली आणून टांगली. एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्याने घंटा. पहिल्यांदा मी मागून कंबर धरायची. मग नुसता हात लावून ठेवायची. पुढे सासरे खिळा वीतभर वर सरकवत गेले. पूर्ण आरतीभर उभं राहायचं म्हणजे काय सोपं आहे का? पायांवर भार, टाचा खाली, अंग एका बाजूला झुकवून हात वर, तोल सांभाळायचा. फिजिओला जे जे हवं होतं ते सगळं त्यात होतं, आणि मला कधी "चल" म्हणावं लागलं नाही. तोच हाक मारायचा.

घंटा खाली आणणं ही पळवाट नव्हे, बरं का. कॅनडात २०११ मध्ये मेरी लॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२८ लहान मुलांवर नेमकं हेच तपासलं. एका गटात थेरपिस्टनी मुलाच्या शरीरावर काम केलं, दुसऱ्यात शरीराला हात न लावता फक्त काम आणि भोवतालची मांडणी बदलली. सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखेच सुधारले. आपल्याकडे दुसऱ्या प्रकाराला थेरपी म्हणतच नाहीत. घरातल्या बाईने स्टूल सरकवलं, कडी खाली बसवली, तर ते कुणी कुठे लिहून ठेवत नाही.

---

मोगरा

कृष्णाकाठ ताई, तुमचं उत्तर ह्यांनाही वाचून दाखवलं. पाव तासाचा आकडा बघून आधी खोटंच वाटलं.

पण पाच वर्षांची भीती जात नाही. ती साडेतीनची झाली, आता दीडच वर्ष उरलं असं डोक्यात फिरत असतं. आणि ऑक्सिजनचं काय? ज्यांनी सुचवलं ते म्हणतात की त्यांच्या ओळखीतल्या एका मुलाला खरंच फरक पडला, ते खोटं बोलणारे नाहीत.

---

कृष्णाकाठ

ते खोटं बोलत नसतीलच. ऑक्सिजनचं आधी सांगते.

कॅनडातच, क्वेबेक प्रांतात, १११ मुलांवर याची चाचणी झाली, २००१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्या मुलांना चेंबरमध्ये जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला. उरलेल्यांना तशाच चेंबरमध्ये, किंचित दाबाखाली साधी हवा दिली. दोन महिन्यांत चाळीस वेळा. निकाल असा की दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले. ऑक्सिजनच्या गटात कानाचा त्रास तेवढा जास्त झाला.

मला या चाचणीत सगळ्यात मोलाची वाटते ती साध्या हवेच्या गटातली सुधारणा. दोन महिने त्या मुलाभोवती सगळं घर एका आशेने गोळा झालेलं असतं. आई किंवा बाप सगळी कामं सोडून बरोबर असतो, जाता-येता गप्पा होतात, मोजमाप करणारी माणसं कौतुकाने बघतात, बरोबरीची मुलं भेटतात. शिवाय त्या वयात मूल वाढतच असतं. संशोधकांनीही सुधारणेचं कारण असंच काहीसं सुचवलं. तेव्हा ओळखीतल्या मुलाला फरक पडला असेल, पण तो मिळवायला दागिने मोडायची गरज नाही. उद्या कुणी स्टेम सेलचं सांगितलं तर तेही आत्ताच ऐकून ठेवा: आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सीपीसाठी तो मान्य उपचार नाही. परवानगी घेतलेल्या चाचणीबाहेर पैसे घेऊन तो देणं चूक आहे.

आता पाच वर्षांचं. हे आईला सांगायला जड जातं, पण तुम्ही सरळ विचारलंय म्हणून सरळच सांगते. त्या वाक्याच्या मुळाशी बहुधा कॅनडातल्या ऑन्टारिओचा २००२ सालचा मोठा अभ्यास आहे. पीटर रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी ६५७ मुलांची वर्षानुवर्षं मोजणी केली आणि पाचही लेव्हलचे वाढीचे आलेख काढले. लेव्हल ३ ची मुलं मोठ्या हालचालींमधल्या, म्हणजे बसणं, रांगणं, उभं राहणं, चालणं यातल्या आपल्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत सरासरी पावणेचार वर्षांच्या आसपास पोचतात. म्हणजे तुमची लेक आत्ता तिथे जवळपास पोचत आली आहे.

हे वाचून घाबरू नका, पुढचं वाचा. तो आलेख फक्त मोठ्या हालचालींचा आहे. कपडे घालणं, स्वतः जेवणं, लिहिणं, मैत्री करणं, शाळेतल्या जिन्याचा कठडा धरायला शिकणं, वॉकरवरून कुबड्यांवर जाऊन बाजारात हिंडणं, यातलं काहीही त्या वयाला थांबत नाही. माझा मुलगा नाडीची गाठ मारायला दहाव्या वर्षी शिकला आणि कुबड्या घेऊन एसटीत चढायला त्याच्याही नंतर. शिवाय ती सगळी मुलं थेरपी घेणारी होती, तरी लेव्हलनुसार आलेख वेगवेगळे राहिले. याचा अर्थ लेव्हल आईच्या मेहनतीवर ठरत नाही. तुमच्या लेकीची लेव्हल ३ आहे ती मेंदूला जन्माच्या आगेमागे जी इजा झाली तिच्यामुळे. एका मंगळवारी ताणायचं राहिलं म्हणून नव्हे.

अजून एक गोष्ट याच गटाच्या पुढच्या अभ्यासात आहे, आणि ती फिजिओच्या खोलीत क्वचितच बोलली जाते. लेव्हल ३, ४ आणि ५ च्या मुलांची हालचाल किशोरवयात थोडी मागे येऊ शकते. वजन वाढतं, उंची वाढते, स्नायू पुरे पडत नाहीत. म्हणजे तिला व्यायाम पाच वर्षांपर्यंत नाही, जन्मभर लागणार आहे, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलीला कुणीही सतरंजीवर धरून ठेवू शकत नाही. तेव्हा ती करेल ते फक्त तिला आवडलं तरच. म्हणून साडेतीनच्या वयात तिला आपल्या पायांचा, सतरंजीचा आणि तुमच्या हातांचा तिटकारा येऊ न देणं याला मी थेरपीइतकंच महत्त्व देते, खरं तर थोडं जास्तच. माझं हे मत नुसतं आईचं म्हणून सोडून देऊ नका. युरोपात ८ ते १२ वर्षांच्या, सीपी असलेल्या ५०० मुलांना त्यांचं आयुष्य कसं वाटतं ते त्यांनाच विचारलं होतं, २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बहुतेक बाबतींत त्यांची उत्तरं इतर मुलांसारखीच निघाली. आयुष्य वाईट वाटण्याशी ज्या गोष्टीचा सगळीकडे संबंध दिसला ती होती वेदना.

तुमची लेक बोलते. तिलाच विचारा काय करायचंय.

---

शेवंती

आमचा विषय वेगळा आहे, भाचा स्वमग्न आहे, पण गोष्ट जुळते म्हणून लिहिते. माझी बहीण गोव्यात असते. तिथे संगाथ संस्थेने इंग्लंडातली एक पद्धत आपल्याकडच्या घरांना जुळवून घेतली आणि गोवा व रावळपिंडी मिळून ६५ मुलांवर तपासली, २०१६ मध्ये निकाल आले. त्यात आई मुलाशी खेळते, त्याचा व्हिडिओ काढतात आणि मग तोच व्हिडिओ तिच्याबरोबर बसून बघतात. मुलाने कधी बघितलं, कधी हात पुढे केला, आईने त्याला कुठे साथ दिली. हे करणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले साधे कार्यकर्ते होते. आया मुलाच्या कलाने जास्त घ्यायला लागल्या आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करायला लागली. सगळंच सुधारलं असं नाही. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ उलट कमी भरला. पण पहिला बदल खरा होता.

मी बहिणीचे असले व्हिडिओ पाहिलेत. ती सारखी "हे काय आहे? रंग कुठला?" विचारायची. प्रश्न थांबवून नुसती शेजारी बसली तर पोरगा स्वतः चेंडू तिच्या मांडीत आणून ठेवायला लागला. मोगराताई, तुम्ही एक दिवस तेल न घेता तिच्याशेजारी बसून बघा.

---

पन्हाळगड

मी कोल्हापुरात लहान मुलांची फिजिओथेरपी करते. कृष्णाकाठ यांनी लिहिलेलं बरोबर आहे, पण वाचून उद्यापासून सगळं बंद होऊ नये म्हणून चार गोष्टी जोडते.

हाताने दहा-वीस मिनिटं ताणण्यात टिकणारा फायदा नाही, मान्य. पण घोट्याचे स्प्लिंट आणि उभं राहायची फ्रेम यांचा हेतू वेगळा असतो, स्नायू तासन्‌तास योग्य लांबीत राहावा आणि पायांवर भार यावा. ते थांबवू नका. फ्रेममध्ये उभं असताना तिच्यापुढे कणकेचा गोळा आणि पोळपाट ठेवा, पट्टे बांधून भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. काचतंय म्हणत असेल तर स्प्लिंट काढून कातडी बघा. लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट दुरुस्तीला द्या, मुलीला दामटू नका.

दुसरं, खुब्याचा एक्स-रे. शेवटचा कधी काढला? सीपीच्या सुमारे एकतृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू सांध्यातून सरकतो, आणि लेव्हलचा आकडा जितका मोठा तितका धोका जास्त. सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे कळत नाही, आणि घरच्या कुठल्याही व्यायामाने तो थांबत नाही. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सीपीच्या सगळ्या मुलांची ठरावीक अंतराने तपासणी होते आणि तिथे खुबा पूर्ण निखळणं फार कमी झालंय. मला विचाराल तर तुमच्या अडीच तासांपेक्षा वर्षाचा हा एक फोटो जास्त महत्त्वाचा आहे. बालअस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, बोटॉक्स (कडक स्नायू सैल करणारं इंजेक्शन) लागेल का तेही तेच सांगतील.

तिसरं, पाव तास वाचून सराव कमी लागतो असं समजू नका. हातांच्या कामांवरचे अभ्यास एकत्र केले तेव्हा एखादं नेमकं काम जमायला एकूण १४ ते २५ तासांपेक्षा जास्त सराव लागतो असं दिसलं. पायांनाही मी साधारण तोच अंदाज धरते. रोज अर्धा तास म्हटलं तर एक ते दोन महिने एकाच कामाला. म्हणून एका वेळी एक, फार तर दोन कामं निवडा.

आणि तुमच्या थेरपिस्टशी बोला, त्यांना टाळू नका. प्रत्येक व्यायामाबद्दल "हा कशासाठी, आणि उपयोग झाला हे मला कशावरून कळेल?" एवढंच विचारा. चांगल्या थेरपिस्टला हा प्रश्न आवडतो.

---

मोगरा

सगळ्यांचे खूप आभार. खुब्याचा एक्स-रे दीड वर्षात काढलेलाच नाही, या आठवड्यात नंबर लावते. ऑक्सिजनचा विषय ह्यांनी नातेवाइकांना फोन करून संपवला. अंगणवाडी आमच्याच गल्लीच्या टोकाला आहे, सेविकाबाई ओळखीच्या आहेत.

आज दुपारी तिला विचारलं, तुला काय करायला आवडेल? पटकन म्हणाली, "दादा-ताईसोबत जेवायचं, खाली." चुलत भावंडं रोज खाली पंगत मांडून बसतात आणि हिला आम्ही कॉटवर उशा लावून भरवतो. खाली बसवलं की गुडघे वर येतात, पाठीला पोक येतो आणि ती मागे पडते. पन्हाळगड मॅडम, हे ध्येय होऊ शकतं का? कसं करायचं?

---

पन्हाळगड

उत्तम ध्येय आहे. मांडीमागचे स्नायू कडक असतात, म्हणून जमिनीवर पाय लांब केले की कंबर मागे ओढली जाते आणि ती पडते. मांडी घालून बसवायचा आग्रह नको. सुताराकडून छोटं स्टूल करून घ्या. स्प्लिंट आणि बूट घालून तळव्यापासून गुडघ्याच्या मागच्या खळगीपर्यंत माप घ्या, तीच बैठकीची उंची. दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत, कंबर आणि गुडघा काटकोनात. बैठक जरा रुंद ठेवा, म्हणजे पाय फाकवून बसता येईल आणि कैची होणार नाही. पाठ नको, पण पहिले काही दिवस मागे भिंत असू द्या. ताट ठेवायला चौरंग, तिच्या कोपराच्या उंचीचा. आणि बाकीच्या पोरांनाही जमलं तर तेवढ्याच उंचीचे पाट-स्टूल द्या, म्हणजे ती एकटी वर आणि सगळे खाली असं होणार नाही.

सुरुवात वरणभाताने करू नका, सांडतं आणि ती वैतागेल. चपातीचा रोल, केळं, लाडू असं हातात धरायचं द्या. एक हात चौरंगाच्या कडेला, एक खायला. ती झुकली की लगेच धरू नका, स्वतः सावरते का बघा. आठवड्याने तिच्या थेरपिस्टला जेवतानाचा व्हिडिओ दाखवा, स्टुलाच्या उंचीत काही फरक हवा असेल तर ते सांगतील.

---

कृष्णाकाठ

सुताराला कडा गोल करायला सांगा, आणि स्टुलाच्या पायांना खालून रबर लावून घ्या. फरशीवर सरकतं.